मूल दत्तक घेताना: होम स्टडी, प्रतीक्षा आणि आम्ही दोघं

फेब्रुवारी २०२३ मध्ये दत्तक संस्थेच्या समाजसेविका ताई शेवटच्या पाठपुरावा भेटीला येऊन गेल्या आणि आमच्या लेकीच्या दत्तकविधानाची फाइल कागदोपत्री बंद झाली. नोंदणी केली होती जुलै २०१८ मध्ये. तेव्हापासून अनेकांचे फोन येतात. कोणाची मैत्रीण, कोणाची वहिनी, कोणी ऑफिसातलं. सगळ्यांना दोनच गोष्टी हव्या असतात: कागदपत्रं काय लागतात आणि किती वेळ जातो. ते खाली लिहिलंच आहे. पण आम्हाला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. मूल घरी यायच्या आधी आम्हा दोघांना आपापलं लहानपण, राग, भीती यांच्याकडे नीट बघावं लागलं. ते आम्ही होऊन केलं नसतं, प्रक्रियेनेच करायला लावलं. पोटची मुलं होणाऱ्यांवर अशी वेळ कोणी आणत नाही. आणायला हवी, असं माझं मत आहे.

आधी नोंदणीबद्दल. अनाथ, टाकून दिलेल्या किंवा पालकांनी संस्थेकडे सोपवलेल्या मुलांचं दत्तकविधान २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली होतं. त्याची मध्यवर्ती यंत्रणा म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, बोलीभाषेत ‘कारा’. अर्ज काराच्या केअरिंग्ज पोर्टलवर ऑनलाइनच भरायचा. ओळखीने, दवाखान्यातून, ‘एक बाळ आहे बघा’ असं कोणी सांगितलं तर तिथूनच मागे फिरा. आम्हालाही एकांनी असं सुचवलं होतं. कितीही कळवळून सांगितलेलं असलं तरी तो बेकायदा व्यवहार आहे आणि उद्या त्याचा त्रास मुलालाच होणार.

आमच्या वेळी २०१७ ची नियमावली लागू होती. फोटो, पॅन कार्ड, जन्मतारखेचे पुरावे, राहण्याचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा, विवाह नोंदणीचा दाखला, दोघांची वैद्यकीय प्रमाणपत्रं आणि ओळखीच्या दोघांची शिफारसपत्रं एवढं अपलोड करायचं होतं. लग्नाला किमान दोन वर्षं झालेली असावी लागतात आणि दोघांची संमती लागते. चार वर्षांपर्यंतच्या मुलासाठी तेव्हा नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ९० च्या आत हवी होती. आमची ७९ होती. अडलो ते विवाहाच्या दाखल्यापाशी. लग्न होऊन नऊ वर्षं झाली तरी आम्ही ते नोंदवलंच नव्हतं. लग्नपत्रिका, फोटो, साक्षीदार गोळा करून नोंदणी करण्यात काही आठवडे गेले. शिवाय नवऱ्याच्या पॅनवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग एक आणि आधारवर दुसरं. अर्ज करायचा नुसता विचार मनात असेल तरी ही दोन कामं आजच करून ठेवा. तुमचा प्रतीक्षायादीतला क्रम नोंदणी पूर्ण होण्यावर अवलंबून असतो, त्यामुळे कागदाचा उशीर पुढे रांगेत भोवतो.

फॉर्ममध्ये मुलाचा वयोगट निवडायचा होता, तिथे आमची गाडी पहिल्यांदा अडखळली. दोघांनीही न बोलता ‘दोन वर्षांखालील’ हेच धरलेलं. का, असं एकमेकांना विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “लहान असलं की आपल्याच वळणाचं होईल.” नवरा म्हणाला, “आणि त्याला आधीचं काही आठवणार नाही.” हे ऐकून आम्ही दोघंही जरा गप्प झालो. आपल्याला मूल हवंय की कोरी पाटी हवीय, असा प्रश्न होता तो. त्या रात्री फॉर्म तसाच ठेवला. दोनेक आठवडे बोलत राहिलो आणि मग दोन ते चार वर्षं हा गट निवडला. तान्हं बाळ मागणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. तो ज्याचा त्याचा निर्णय. आपण जे मागतोय ते का मागतोय, एवढं मात्र एकमेकांना विचारलेलं बरं.

नोंदणीला पैसे लागत नाहीत. होम स्टडीचे, म्हणजे समाजसेविका घरी येऊन आमच्याशी बोलून अहवाल लिहितात त्याचे, आम्ही ६,००० रुपये भरले, पुढे संस्थेला ४०,००० आणि प्रत्येक पाठपुरावा भेटीला २,०००. सगळ्याची पावती मिळाली. संस्थेला वेगळी देणगी घेता येत नाही, ती देऊही नका. २०२२ मध्ये नवी नियमावली आली आहे, त्यामुळे आता अर्ज करणाऱ्यांनी शुल्काचा आणि वयाचा ताजा तक्ता काराच्या संकेतस्थळावरच बघावा.

होम स्टडी सप्टेंबर २०१८ मध्ये झाली. नियमाने महिनाभरात व्हायची, आमची थोडी लांबली. या शब्दाची लोकांना फार धास्ती असते. घर केवढं आहे, मुलाला वेगळी खोली आहे का, सामान कसलं आहे, हे बघायला येतात असं वाटतं. मीही पडदे धुऊन बसले होते. ताईंनी घर पाहिलं ते पाच मिनिटांत. उरलेला सगळा वेळ बोलणं. त्याआधी आम्हाला स्वतःबद्दल लिहून द्यायचं होतं: मूल का दत्तक घ्यायचंय, तुमचं बालपण कसं गेलं, घरच्या मोठ्यांचं काय मत आहे, मुलाच्या संगोपनाचा काय विचार केलाय, तुम्हा दोघांना काही झालं तर मुलाची जबाबदारी कोण घेईल. ताईंनी फोनवर बजावलं होतं, “दोघांनी वेगवेगळं लिहा. एकमेकांचं बघू नका.”

हा सल्ला मी पुढे प्रत्येक जोडप्याला दिलाय. आम्ही दोन वह्या आणल्या, आठवडाभर आपापलं लिहिलं आणि मग अदलाबदल केली. मूल का हवं याला नवऱ्याने लिहिलं होतं, ‘घर भरल्यासारखं वाटेल, आईबाबांना नातवंड मिळेल.’ मी लिहिलं होतं, ‘मला आई व्हायचंय.’ ताईंनी दोन्ही वाचलं आणि शांतपणे विचारलं, “हे झालं तुमचं. मुलाला काय मिळेल?” आमच्यापैकी कोणाच्याच वहीत मूल नव्हतं, होती ती आमची उणीव. त्यात गैर काही नाही असंही ताई म्हणाल्या, सगळ्यांची सुरुवात तिथूनच होते. फक्त ते माहीत असलेलं बरं, म्हणजे ती उणीव भरून काढण्याचं काम मुलाच्या अंगावर पडत नाही.

मूल व्हावं म्हणून घेतलेल्या उपचारांची चार वर्षं हा विषयही निघाला. माझ्यापुरता तो संपला होता, रडून-भांडून संपवला होता. नवऱ्याचा संपलेला नव्हता हे मला त्याच्या वहीतून कळलं. दवाखान्यात बायको झोपलेली आणि आपण बाहेर बाकावर, तिथे रडायचं कसं, असं त्याने लिहिलं होतं. नऊ वर्षं एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं. पुढे कितीतरी संध्याकाळी आम्ही यावर बोललो. होऊ न शकलेल्या बाळाचं दुःख आधी दोघांनी मिळून करायचं असतं. नाहीतर घरात येणाऱ्या मुलाची त्याच्याशी तुलना होत राहते, तीही मुकाट्याने.

पण सगळ्यात महत्त्वाचं निघालं ते एका साध्या प्रश्नातून: लहानपणी तुम्हाला शिक्षा कशी व्हायची? नवऱ्याचं उत्तर एका ओळीचं. ‘विशेष काही नाही, आमच्याकडे कोणी हात उचलत नसे.’ मी ते वाचलं आणि म्हटलं, “आणि एसटी स्टँडची गोष्ट?”

ही गोष्ट सासरी दर लग्नाकार्यात सांगितली जाते. नवरा सहा-सात वर्षांचा असताना स्टँडवर कशासाठी तरी हटून बसला. जागचा हलेना. सासरे म्हणाले, “बस इथेच, आम्ही चाललो,” आणि सगळे एसटीत चढले. कंडक्टरने घंटी दिली, गाडी हलली, थोडी पुढे जाऊन थांबली आणि याला आत घेतलं. त्यानंतर कधी हट्ट केला नाही हो त्याने, असं म्हणून सगळे हसतात. नवराही हसतो. मीही कितीदा हसले आहे.

मी म्हटलं, ती लिही. त्याने लिहायला घेतली. बराच वेळ लागला त्याला. मग म्हणाला, “मला गाडीची मागची बाजू आठवते. नंबरप्लेटवरचा चिखल आठवतो. आत कोणी घेतलं, ते मात्र काहीच आठवत नाही.” एवढंच बोलला आणि उठून गॅलरीत गेला. सासरे वाईट नव्हते. अतिशय प्रेमळ माणूस. त्या काळी, आणि आजही, पोरं हट्टाला पेटली की घरोघरी हेच वाक्य येतं: आम्ही चाललो, तू राहा इथेच. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. पण आमच्या घरी येणार होतं ते मूल खरोखर मागे राहिलेलं असणार होतं. त्याच्यासाठी हे वाक्य धमकी नाही, घडून गेलेली गोष्ट आहे. नवऱ्याला हे कोणत्याही पुस्तकाआधी स्वतःच्या पोटातून कळलं.

माझी गोष्ट अबोल्याची. माझी आई रागावली की बोलणं बंद करायची, कधी कधी दोन दोन दिवस. ताट वाढायची, वेणी घालायची, पण माझ्याकडे बघायची नाही. मग मी मागे मागे फिरून माफी मागायची, पुष्कळदा नेमकी कशाची ते माहीत नसताना. मोठी झाल्यावर मीही तेच शिकले. नवऱ्याने दुखावलं की मी गप्प होते, आणि त्याला ते मारण्यापेक्षा जास्त लागतं, हे त्याने वहीत लिहून ठेवलं होतं. ताईंनी मला सरळ विचारलं, “मूल सुरुवातीला तुम्हाला नाकारेल. जवळ येणार नाही, ढकलेल. तेव्हा तुम्ही काय कराल?” मी म्हटलं, “मी गप्प होईन अशी भीती वाटते.” वाटलं, झालं, आता अहवाल नकारात्मक जाणार. त्यांनी ते टिपून घेतलं आणि म्हणाल्या, “हे ठाऊक असलेल्या आईची मला काळजी वाटत नाही.”

म्हणून सांगते, होम स्टडीत शहाण्यासारखी उत्तरं पाठ करून जाऊ नका. समोरच्या बाईने शेकडो जोडपी पाहिलेली असतात. ‘आमचं कधीच भांडण होत नाही’ या वाक्याचा तिच्यावर चांगला परिणाम होत नाही.

ताई सासूबाईंशीही स्वतंत्र बोलल्या. सासूबाईंचा विरोध नव्हता, पण ‘कोणाचं असेल, कसल्या घरातलं असेल’ हे पालुपद अधूनमधून चालू असायचं. ताईंनी त्यांना उपदेश केला नाही. त्यांना कसली धास्ती वाटते तेवढं विचारलं. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “उद्या पोरीने विचारलं, आजी, माझी आई कुठंय, तर मी काय सांगू? मला खोटं बोलता येत नाही.” त्यांच्या पालुपदामागे ही काळजी होती! मग आम्ही घरात ठरवूनच टाकलं की खोटं बोलायचंच नाही, पहिल्या दिवसापासून दत्तक हा शब्द उघड वापरायचा. सासूबाईंचा जीव भांड्यात पडला.

होम स्टडीचा अहवाल पोर्टलवर चढला की तो तीन वर्षं चालतो. आणि मग प्रतीक्षा. आमची सव्वादोन वर्षांहून अधिक चालली, त्यात २०२० चं टाळेबंदीचं वर्ष. पोर्टलवरचा क्रमांक रोज बघण्याची सवय लागते, ती लागू देऊ नका. कधी तो पुढे सरकतो, कधी महिनोन् महिने जागचा हलत नाही.

या काळात आम्ही एका समुपदेशक बाईंकडे जायला लागलो. एका वेळेचे १,२०० रुपये, महिन्यातून एकदा, पुढे टाळेबंदीत व्हिडिओ कॉलवर. आमचं काही बिनसलेलं नव्हतं, त्यामुळे ‘कशाला पैसे घालवताय’ असं घरच्यांना वाटायचं. तिथे एक गोष्ट कळली ती माझ्या फार उपयोगी पडली. १९८० च्या दशकात अमेरिकेत बर्कलीला मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारायची एक मुलाखत तयार केली. त्या मुलाखतीत बालपण सुखाचं होतं की दुःखाचं याला फारसं महत्त्व नाही. माणूस ते कसं सांगतो, हे बघतात. ‘छानच होतं’ म्हणून एकही उदाहरण न देणारा, किंवा जुन्या रागात अजून अडकलेला, की झालं ते बरं-वाईट दोन्ही धरून सुसंगत सांगू शकणारा. १९९१ मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी हीच मुलाखत गरोदर बायकांची घेतली. मूल पोटात असताना आईने आपल्या बालपणाबद्दल जे सांगितलं, त्यावरून ते मूल वर्षाचं झाल्यावर आईला सुरक्षितपणे बिलगेल की नाही, याचा अंदाज चारांपैकी तिघींच्या बाबतीत बरोबर आला. पुढे लंडनमध्येच दत्तक आयांचाही असा अभ्यास झाला. तिथे रक्ताचं नातं नव्हतं, तरी आईच्या मनातल्या त्या सुसंगतीचं प्रतिबिंब मुलांनी सांगितलेल्या गोष्टींमध्ये दिसत होतं.

मला यातून दिलासा मिळाला. आईच्या अबोल्यामुळे मी वाईट आई होणार, असं काही ठरलेलं नाही. तो अबोला मला सांगता आला पाहिजे, आईची बाजू धरूनही सांगता आला पाहिजे. माझ्या आजोळी बाईच्या जातीने आवाज चढवायचा नाही असा दंडक होता. आईला राग दाखवायला तेवढा एकच रस्ता उरला असणार. हे समजल्यावर मी आईकडे चार दिवस राहून आले. जाब विचारायला नाही, तिचं लहानपण ऐकायला. पुष्कळ बोलली ती.

समुपदेशकांनी आम्हाला एक कामही दिलं होतं. रागात, भीतीत, थकव्यात आपण काय करतो हे प्रत्येकाने सांगायचं आणि तेव्हा दुसऱ्याने काय करावं तेही ठरवून ठेवायचं. मी गप्प होतेय असं दिसलं की नवऱ्याने “तू जरा बाहेर जाऊन ये, मी आहे” म्हणायचं. त्याला रडणं सहन होत नाही, मूल रडलं की तो खेळणं, मोबाइल, खाऊ काहीही पुढे करणार. तेव्हा मी त्याच्याजवळ जाऊन बसायचं, टोकायचं नाही. लिहून फ्रिजवर लावलं होतं. कोणी पाहुणे आले की काढून ठेवायचो.

जानेवारी २०२१ मध्ये एका संध्याकाळी मेसेज आला: रेफरल, म्हणजे आमच्यासाठी सुचवलेलं मूल. पोर्टलवर फोटो, मुलीची माहिती देणारा अहवाल आणि वैद्यकीय तपासणीचा अहवाल. तेव्हा तिचं वय होतं दोन वर्षं आठ महिने. मूल आपल्यासाठी राखून ठेवायला ४८ तास मिळतात. हे ४८ तास फार भराभर जातात, म्हणून तुमचे बालरोगतज्ज्ञ आधीच गाठून, त्यांना सांगून ठेवा. आमच्या डॉक्टरांनी रात्री अहवाल वाचला: वजन कमी, बोलणं थोडं मागे, बाकी काळजी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बटण दाबलं. पुढे वीस दिवसांच्या आत संस्थेत जाऊन भेट, दत्तक समितीसमोर बोलणं आणि स्वीकृती. संस्था दुसऱ्या जिल्ह्यात होती, करोनाच्या चाचण्या करून जावं लागलं. फेब्रुवारीच्या मध्यावर दत्तकपूर्व संगोपनाच्या कागदांवर सह्या करून तिला घरी आणलं.

येताना संस्थेतून तिची एक चादर आणि तिला सांभाळणाऱ्या मावशींच्या आवाजात म्हटलेलं झोपेचं गाणं फोनवर घेऊन आलो. चादर धुऊ नका असं ताईंनी सांगितलं होतं, वास राहू द्या. हे लक्षात ठेवा, फार कामाचं आहे.

रजेचं मात्र आधीच बघा. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर दत्तक आईला बारा आठवड्यांची रजा मिळते, पण आमच्या वेळी ती मूल तीन महिन्यांपेक्षा लहान असेल तरच होती. पालकांनी मूल सोपवल्यावर त्यांना फेरविचाराला साठ दिवस द्यावे लागतात, मग मूल दत्तक द्यायला कायद्याने मुक्त असल्याचा दाखला, मग रेफरल. तीन महिन्यांच्या आतलं मूल हाती येणं जवळपास अशक्यच. मला कंपनीने काही दिले नाही, साठवलेली रजा आणि बिनपगारी रजा जोडून तीन महिने काढले. त्या काळात घरातल्या पगाराचा अर्धा भाग बंद, हे खर्चात धरून ठेवा.

पहिले दोन महिने लेक माझ्याकडे येत नव्हती. नवऱ्याच्या कडेवर जायची, सासूबाईंच्या हातून जेवायची, मी जवळ गेले की तोंड फिरवायची. संस्थेत तिला सांभाळणाऱ्या सगळ्या बायकाच होत्या. ज्या बाईला जीव लावला ती सुटली, मग पुन्हा नव्या बाईला कशाला जीव लावा, असं तिच्या इवल्या डोक्यात असेल. हे सगळं मला समजत होतं आणि तरी छातीत दुखायचं. एका दुपारी मी भरवायला बसले तर तिने वाटी उडवली. भात फरशीवर, माझ्या केसांत. आणि मला ते आतून येताना स्पष्ट जाणवलं: जबडा आवळला, नजर वळली, बोलायची इच्छाच संपली. मी ओळखलं. आई आली. नवऱ्याला हाक मारली, तो कॉल सोडून आला, काही न विचारता तिच्यापाशी बसला. मी न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं, परत आले आणि तिच्याकडे बघून म्हटलं, “भात सांडला. आपण पुसू. मला राग आला होता, आता गेला.” ती माझ्याकडे बघत राहिली. फडकं मात्र तिने धरलं.

तेच वाक्य पुढे कितीदा म्हटलं असेन. राग आला होता, आता गेला. माझ्या लहानपणी हे वाक्य कोणी म्हटलं असतं तर मला समजलं असतं की राग संपतो, आणि आई तिथेच असते.

नवऱ्याची कसोटी जूनमध्ये. इमारतीखालच्या वाण्याच्या दुकानात लेकीने जमिनीवर लोळण घेतली. तोवर ती कधी हट्टच करत नव्हती, म्हणजे हे खरं तर चांगलं लक्षण होतं. दुकानातल्या एक आजी सवयीने म्हणाल्या, “चला हो तुम्ही, सोडून जा, येईल बरोबर मागे.” तो पटकन म्हणाला, “नाही आजी, आम्ही कुठेच जात नाही.” आणि खाली बसला, पिशव्या बाजूला ठेवून, तिचं रडणं थांबेपर्यंत. त्याला रडणं सहन होत नाही हे आठवा. वर आला तेव्हा शर्ट घामाने भिजलेला. त्याने सासऱ्यांनाही एकदा शांतपणे सांगितलं की एसटीची गोष्ट आता लेकीसमोर नको. सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मला वाटलं तू विसरला असशील.”

न्यायालयाचं काम तुलनेने सरळ होतं. अर्ज संस्थाच दाखल करते. सुनावणी बंद दालनात. कायद्यात दोन महिन्यांची मुदत आहे, पण दुसऱ्या लाटेत कामकाज रेंगाळलं आणि आदेश ऑगस्ट २०२१ मध्ये हाती आला. १ सप्टेंबर २०२२ पासून हे आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी, जिल्हा दंडाधिकारी या नात्याने, देतात. आदेशाच्या प्रमाणित प्रती जास्तीच्या मागून घ्या आणि त्यातलं प्रत्येक नाव, प्रत्येक तारीख तिथेच तपासा. आमच्या आदेशात एक अक्षर चुकलं होतं, ते दुरुस्त होईपर्यंत जन्मदाखला अडला. आईवडील म्हणून आमची नावं असलेला दाखला मिळाल्यावर शाळेत तेवढाच पुरला, आदेश कोणी मागितला नाही.

पाठपुरावा दर सहा महिन्यांनी, दोन वर्षं. या भेटींनाही लोक तपासणी समजतात. मला त्या आधारासारख्या वाटल्या. काय जमत नाहीये ते मोकळेपणी सांगितलं तर ताईंकडे उपाय असतात. लेक बिस्किटं उशीखाली लपवायची, त्यावर त्यांनीच सुचवलं की तिचा एक डबा ठेवा, कायम भरलेला, तिच्या हाताला येईल असा. काही महिन्यांत लपवणं बंद झालं.

शेवटच्या भेटीत ताईंनी मूळ शोधण्याबद्दलच्या नियमाची आठवण करून दिली. अठरा वर्षांनंतर मूल स्वतः तसा अर्ज करू शकतं, त्याआधी पालकांबरोबर. कागद मिळतात, मात्र जन्मदात्यांची गोपनीयता सांभाळून. नवरा लगेच म्हणाला, ती म्हणेल तेव्हा आपण बरोबर जाऊ. मला ते जमलं नाही. मला भीती वाटली, आणि ती भीती अजून आहे. तिला दुसरी आई सापडली तर माझं काय, असा तो लहान मुलीचाच प्रश्न आहे, आणि तो माझ्यातल्या कोणत्या मुलीचा आहे हेही मला आता ठाऊक आहे. लेक विचारायला लागली आहे. पोटातली आई कुठे राहते, तिचे केस कसे होते. जे माहीत आहे ते सांगतो, जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगतो. पण तिने विचारल्यावर माझा चेहरा कसा होतो हे ती बघत असते. म्हणून आम्ही दोघं येत्या महिन्यापासून पुन्हा समुपदेशकांकडे जाणार आहोत, या वेळी फक्त ह्या एका विषयासाठी.